रविवारच्या आठवणींच्या बरण्या, काय आणायचं ते वाचा
मंडळी, रविवारी ४ वाजता क्लबहाऊसमध्ये फोटो, तिकिटं, चिठ्ठ्या अशा आठवणींनी बरण्या भरायच्यात, विसरू नका. रुंद तोंडाची काचेची बरणी आणा, लोणच्याची चालेल पण आधी धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, आत जराही ओल राहिली तर कागदाला बुरशी धरते, आणि वासाचं म्हणाल तर माझ्याकडच्या आजीच्या पत्राला अजून मेथीचा वास येतोय 😄

मूळ फोटो नको, प्रिंट आणा. एसटीचं मशीनवालं तिकीट, दुकानाचं बिल असं गुळगुळीत कागदावरचं काही असेल तर झेरॉक्स काढूनच आणा, त्यात शाई नसतेच, उष्णतेने छापलेलं असतं ते, काही वर्षांत कोरा कागद उरतो. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा, जेल पेनची शाई ओलीने पसरू शकते. आणि साल, नाव घालाच, नुसतं "मामाचं लग्न" लिहिलंत तर नातवंडांना कुठला मामा ते कसं कळणार?

टाचण्या गंजतात, रबरबँड चिकटतात, त्यामुळे बांधायला सुती दोरा आणा. बुटांच्या खोक्यातल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कोणाकडे असतील तर प्लीज आणा, मला कमी पडतायत.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच 👍 करा.