पलंग ते बाथरूम

ती. बाबा, ती. आई,
सा. न.

सोमवारी बाबा ॲडमिट होतील. प्रोस्टेटचं ऑपरेशन डॉक्टर बघतील. माझा जीव अडकलाय तो पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या आठ-दहा पावलांत. दवाखान्यात वयस्कर माणसं पडतात ती बरेचदा तिथेच, कोणाला हाक न मारता उठल्यामुळे.

बाबा, तुम्ही अजून पांडवलेणीच्या पायऱ्या चढता, म्हणून कोणाचा हात धरणं तुम्हाला कमीपणाचं वाटेल. पण तुमची प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिनची गोळी उभं राहताना बीपी उतरवू शकते. त्यात उपास आणि भूल. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने उतरलं तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. म्हणून पहिल्यांदा उठताना सिस्टरना झोपून आणि उभं राहून, दोन्ही बीपी मोजायला सांगा. पाठीतून भूल दिली असेल तर बोटं हलायला लागली म्हणजे पायांत बळ आलं असं समजू नका. मांडीत जोर यायला आणखी वेळ लागतो.

आणि दिवाळीत कंदील लावताना स्टुलावरून पडलात, ते भरतीच्या वेळी लपवू नका. बऱ्याच दवाखान्यांत सिस्टर पडण्याचा धोका मोजायला मॉर्स स्केलवर गुण देतात: तीन महिन्यांत पडला असाल तर २५, सलाईनचे २०, दुसरा आजार असेल तर १५. ४५ च्या पुढे जास्त धोका धरतात. एक गोष्ट दडवली की तुमच्यावरचं लक्ष तेवढं कमी होतं.

आई, आता तुझ्यासाठी. लघवीची नळी आत फुग्यावर अडकवलेली असते. तो फुगा टोचतो आणि पिशवी भरत असतानाही बाबांना जोरात लागल्यासारखं वाटतं. रात्री दोनला अर्धवट झोपेत ते पाय खाली टाकतील. पिशवी मात्र पलंगाच्या दांडीला अडकलेली. नळीला हिसका बसतो, माणूस तिथेच कोलमडतो. ते चुळबुळले की लगेच सांग, "अहो, नळी लावलीय, उठायचं नाही." पिशवीत काही येत नसेल आणि ओटीपोट टम्म वाटलं, तर मात्र गुठळी अडकली असेल, बेल दाबून सिस्टरना बोलाव.

खरी घाई सुरू होते नळी काढल्यावर. अर्ध्या-अर्ध्या तासाने लागते आणि थांबवत नाही. त्या दिवशी लागायची वाट न बघता दर दोन तासांनी, झोपण्याआधी तर नक्कीच, बाबांना घेऊन जा. लघवीचं भांडं हाताच्या टप्प्यात ठेव. रात्री त्यातच करावी, लाजायचं कारण नाही.

उठायची रीत: कुशीवर वळा, पाय खाली सोडा, एक-दोन मिनिटं बसून घोटे दहा वेळा वरखाली करा. मग उभं राहून थोडं थांबा आणि मगच पाऊल टाका. सलाईनच्या स्टँडचा आधार घेऊ नका. चाकं आहेत, तो पुढे पळतो. पलंगाचे ब्रेक लावलेले हवेत आणि पलंग इतका खाली, की बसल्यावर तळवे फरशीला पूर्ण टेकतील. दोन्ही बाजूंचे कठडे लावले म्हणजे झालं, असं नाही. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो.

नाशिकच्या थंडीत मोजे लागतीलच, पण नुसत्या मोज्यांनी फरशीवर चालायचं नाही. मागे पट्टा असलेल्या रबरी तळव्याच्या सँडल घ्या. लुंगी नको, घोट्यावर येणारा पायजमा. बाथरूमची कडी आतून लावू नका, फरशी ओली असेल तर मावशींकडून आधी पुसून घ्या. चष्मा उशाशीच.

तोल गेलाच तर आई, त्यांना उचलून धरू नकोस, तुझी कंबर जाईल. जवळ घेऊन हळूच खाली बसव. पडले तर ओढून उठवू नकोस, आधी सिस्टरना बोलाव. डोक्याला लागलं असेल तर वरून ठीक दिसले तरी डॉक्टरांना सांग, आणि रक्त पातळ करायची गोळी पुन्हा सुरू झाली असेल तर तेही.

मी बुधवारी रात्री पोहोचते, नळी काढताना तिथेच असेन. सोमवारी खोलीत गेल्यावर पहिल्यांदा बेल वाजवून बघा आणि ती बाबांच्या उशीला पिनने लावा.

तुमची लेक