निकालाच्या टक्केवारीचा छेद

महोदय,

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की वर्तमानपत्रांत खासगी शाळांच्या जाहिराती आणि त्यांच्या निकालांच्या बातम्या शेजारीशेजारी दिसू लागतात. माझी मुलगी आता माध्यमिक वर्गात जाईल. तिच्यासाठी दोन नावाजलेल्या शाळांपैकी एक निवडायची असल्याने हा सगळा मजकूर मी सध्या बारकाईने वाचत आहे. दोन्ही शाळांत प्रवेशासाठी चुरस असते, दोन्हींचा निकाल उत्तम लागतो, आणि तुलनेसाठी पालकाच्या हाती शेवटी एका टक्केवारीशेजारी ठेवलेली दुसरी टक्केवारी एवढेच उरते. ही टक्केवारी कशी तयार होते याविषयी फारसे कोणी विचारत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

समजा, दोन शाळांच्या माध्यमिक विभागांत एकाच वर्षी प्रत्येकी १०० मुले दाखल झाली. पहिल्या शाळेतून शालान्त परीक्षेला ८० जण बसले आणि त्यांतील ७६ जणांना विशेष प्रावीण्य मिळाले, तर जाहिरातीत ९५ टक्के छापून येईल. दुसऱ्या शाळेतून ९८ जण बसले आणि ८४ जणांनी ती श्रेणी मिळवली, तर तिच्या वाट्याला सुमारे ८६ टक्के येतील. मूळच्या शंभरांपैकी किती जण तेथवर पोहोचले असे विचारले, तर मात्र दुसरी शाळा आठ मुलांनी पुढे आहे. पहिल्या शाळेतील उरलेली वीस मुले कुठे गेली? काहींच्या पालकांची बदली झाली असेल, हे मान्य. पण ‘येथील अभ्यास तुमच्या मुलाला झेपणार नाही, वेळीच दुसरी शाळा पाहा’ असे काहींच्या पालकांना गोड शब्दांत सुचवले गेले असेल, काहींना वरच्या वर्गात घेण्यास नकार मिळाला असेल, तर काहींना शाळेचे नाव न लावता बाहेरून परीक्षेला बसायला सांगितले असेल. अशा उपायांनी निकाल सुधारतो आणि त्यासाठी वर्गात एक अक्षरही जास्त शिकवावे लागत नाही. शिवाय संध्याकाळच्या शिकवण्यांचे श्रेयही याच टक्केवारीत शाळेच्या नावावर जमा होते, ते वेगळेच.

हे झाले गळतीचे. प्रवेशाच्या वेळी जी निवड होते तिचा परिणाम याहून मोठा असतो, कारण प्रवेशपरीक्षा घेऊन हुशार मुले निवडली की त्यांचे पुढचे गुणही चांगलेच असणार. या प्रश्नावर एक नेमका अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला आहे. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील प्रवेशपरीक्षेच्या नामांकित शाळांत अगदी काठावर प्रवेश मिळालेल्या आणि अगदी काठावर हुकलेल्या मुलांची तुलना केली. दोन्ही गटांची कुवत जवळपास सारखीच होती, शाळा मात्र वेगळ्या. पुढच्या परीक्षांतील गुणांमध्ये त्यांना फारसा फरक आढळला नाही. त्या शाळा सरकारी होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष कोणत्याही खासगी शाळेला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण भरघोस निकालाचे सगळे श्रेय शाळेच्या शिकवण्याला देण्यापूर्वी थांबायला हवे, एवढे त्यातून नक्की कळते. मार्श आणि हाउ या संशोधकांनी २००३ साली २६ देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा असे दिसले की सारख्याच कुवतीची मुले निवडक हुशारांच्या शाळेत असली तर स्वतःच्या अभ्यासाबद्दल त्यांचे मत अधिक खालावलेले असते. पहिल्या पाचांत राहण्याची सवय असलेले मूल तिथे एकाएकी विसावे होते, आणि ते पचवायला त्याला कोणी मदत करते की नाही, हे प्रवेशपुस्तिकेत कुठेच लिहिलेले नसते.

मी दोन्ही शाळांत जाऊन एका मध्यम गतीच्या मुलाची गणिताची वही पाहायला मागितली. पहिल्या शाळेतील पर्यवेक्षकांनी कपाटातून जी वही काढून दिली तिला नवे कोरे वेष्टन होते, अक्षर मोत्यासारखे होते आणि पानोपानी बरोबरच्या खुणा होत्या. खाडाखोड औषधालाही नव्हती. ही वही मध्यम गतीच्या मुलाची आहे का, असे विचारल्यावर ‘आमच्याकडे सगळीच मुले अशी आहेत’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या शाळेतील बाईंनी वर्गात तपासायला आलेल्या गठ्ठ्यातून एक वही ओढून दिली. तिच्यात एका मुलाने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश अशी केली होती. बाईंनी त्यावर फुली मारली नव्हती. शेजारी लाल शाईने लिहिले होते, ‘दोन पंचमांश हे अर्ध्याहून मोठे की लहान?’ त्याखाली मुलाने दोन पट्ट्या काढल्या होत्या, एकदा खोडून पुन्हा काढल्या होत्या, आणि शेवटी पाच षष्ठांश हे उत्तर लिहिले होते. त्या शाळेची प्रयोगशाळा यथातथाच आहे आणि कार्यालयातला कारभारही संथ वाटला. तरीही माझा कौल कोणीकडे झुकला, हे वेगळे सांगायला नको.

येण्याजाण्याच्या वेळेचा विचारही पालक सहसा शेवटी करतात, तो आधी करावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेच्या विकारांचे तज्ज्ञ सांगतात, आणि मोठ्या वर्गांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत, अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली केली आहे. सकाळी सातला भरणारी लांबची शाळा, त्यावर गृहपाठ आणि शिकवणी, यांचा हिशेब कागदावर मांडला की झोपेला कात्री लागते हे लगेच दिसते. निकालात दोन-चार टक्क्यांनी पुढे असलेल्या शाळेसाठी ही किंमत मला जास्त वाटते.

आपल्याला एक विनंती आहे. शाळांचे निकाल प्रसिद्ध करताना परीक्षेला किती जण बसले यासोबत त्याच तुकडीत माध्यमिक विभागाच्या पहिल्या वर्षी किती जण दाखल झाले होते आणि बाहेरून किती जणांना बसवले, हे दोन आकडेही आपण शाळांकडून मागून घ्यावेत व त्याच बातमीत छापावेत. दाखलपट असलेल्या कोणत्याही शाळेला ते देणे अवघड नाही. जी शाळा देणार नाही, तिच्या नावापुढची जागा कोरी सोडावी.

आपला,
एक पालक