गोठ्यातलं गॅरेज: आधी माप, मग पाना

कॉव्हेंट्री, इंग्लंड
८ सप्टेंबर

चि. बापूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप आणि हत्यारांची यादी मिळाली. गोठा रिकामा करून नानांची अ‍ॅम्बेसेडर आणि तुझी मारुती ८०० घरीच उघडायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. यादी मात्र उलटी कर. तू कॉम्प्रेसर आणि इम्पॅक्ट गन (हवेच्या दाबावर नट फिरवणारं हत्यार) सगळ्यात वर लिहिलीस आणि जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी पाय) तळाला. पहिला पैसा जॅक स्टँडवर जाऊ दे, दुसरा बरोबर मापाच्या पान्यांवर, तिसरा मोजायच्या साधनांवर. कॉम्प्रेसर पुढच्या वर्षी घेतलास तरी काही अडत नाही.

जमिनीपासून सुरुवात कर. अमळनेरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं तर दोन पावसाळ्यांत फरशी तडकेल. माती जमेल तितकी खोल काढ, मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून घे, मग जाळी टाकून किमान चार इंच काँक्रीट. वर गुळगुळीत टाइल नको. स्टँडच्या पायाखाली टाइल फुटते आणि तेल सांडलं की पाय घसरतो. नानांची गाडी सव्वाचार मीटरहून थोडी जास्त लांब आहे, तेव्हा वीस फूट लांबी आणि बारा फूट रुंदी हवी. दारं पूर्ण उघडून बाजूला बसता आलं पाहिजे.

गाडीखाली उभं राहून काम करायला मिस्त्री खड्डा खणायला सांगेल, तो करू नकोस. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीने पेटते. शिवाय पावसाळ्यात पाणी आणि विंचूकाटा.

जॅक फक्त उचलण्यासाठी, धरून ठेवायला नाही. हायड्रॉलिक जॅकचं रबरी सील कधी दगा देईल ते आधी कळत नाही, आणि गाडी खाली येते ती एका क्षणात. तीन टनी स्टँडच्या दोन जोड्या घे, खटका आणि आडवी पिन दोन्ही असलेल्या. जी चाकं जमिनीवर राहतील त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. गाडी स्टँडवर ठेवली की खाली जाण्याआधी बंपरला धरून जोरात हलवून बघ. हलायची असेल तर तू बाहेर असतानाच हलू दे. विटा, सिमेंटचे ब्लॉक कधीही लावू नकोस. वीट वाकत नाही, एकदम फुटते.

आता पाने. इथेच सगळ्यात जास्त पैसा आणि बोल्ट वाया जातात. मारुती पूर्ण मिलीमीटरची: ८, १०, १२, १४, १७, १९ असले की बहुतेक काम होतं. नानांची गाडी जुन्या १४८९ सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाची आहे, तिचे नट इंची, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सुताचे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत, पाच सूत, सहा सूत ही मापं तिला लागतात. (१९९२ नंतर जी इसुझू इंजिनाची अ‍ॅम्बेसेडर आली तिचं इंजिन मिलीमीटरचं. जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलंही सापडतं, म्हणून आधी इंजिन ओळख.)

चार सूत म्हणजे १२.७ मिलीमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, आणि बसतो म्हणूनच घात होतो. ०.३ मिलीमीटरची फट राहते, जोर सपाट बाजूवर न पडता कोपऱ्यावर पडतो. गंजलेल्या नटावर दोन झटके दिलेस की कोपरे गोल होतात आणि मग खरा पानाही फिरत राहतो. साडेचार सूत म्हणजे १४.३. त्यावर १४ चढत नाही आणि १५ खडखडतो. १९ चा आणि सहा सुताचा मात्र चालतो, कारण सहा सूत म्हणजे १९.०५. नवा १९ घट्ट वाटला तरी ठोकून बसवू नकोस.

आणखी एक फसवणूक आट्यांची आहे. ५/१६ इंची बारीक आट्यांचा बोल्ट ७.९४ मिलीमीटर जाडीचा, म्हणजे डोळ्याला तो ८ चाच दिसतो. पण त्यात इंचाला २४ आटे आहेत, आणि ८ मिलीमीटरच्या साध्या बोल्टमध्ये साधारण २०. तो ८ चा बोल्ट त्या भोकात हाताने दोन आटे जातो, मग अडतो. तिथे पाना लावलास की ब्लॉकमधले आटे सोलून निघतात. मधल्या काळात कुणा मिस्त्रीने असा बोल्ट ठोकलेला नानांच्या गाडीतही सापडेल, म्हणून आटे मोजायचं गेज, दोन्ही पद्धतींचं, खिशातच ठेव. बोल्ट हाताने शेवटपर्यंत जायलाच हवा, पाना फक्त आवळायला.

मुंबईच्या चोर बाजारात जुने इंची पाने स्वस्तात मिळतात, पण त्यावर W किंवा BS (जुन्या व्हिटवर्थ पद्धतीची खूण) कोरलेलं असेल तर नको. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या तोंडाचा नाही. १/४ W चं तोंड १३.३ मिलीमीटरच्या आसपास भरतं, तुझ्या कुठल्याही नटाला ते लागत नाही. डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना वीज वाटणाऱ्या डब्यातले) बारीक नट मात्र बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात, त्यांचा छोटा सेट वेगळा लागेल. मिलीमीटरचे पाने नाशिकच्या सातपूरच्या टपारियाचे घे. गोटी पान्यांचा (सॉकेटचा) सेट अर्ध्या इंची चौकोनाचा, आणि गोट्या सहा कोनांच्याच. बारा कोनांची गोटी लावायला सोपी, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तीच खाते. इंची गोट्या दिवाळीला येताना मीच आणतो.

अडकलेल्या बोल्टसाठी दुकानातलं पेनिट्रेटिंग ऑइल चालेल, किंवा अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल अर्धं-अर्धं मिसळून घे (पेटतं, तेव्हा बाटली आगीजवळ नको). आदल्या संध्याकाळी लाव. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, मोजकेच ठोके दे. मग आधी किंचित आवळ, त्यानंतर सैल कर. पावला-पावलाने मागेपुढे केलं की गंज पीठ होऊन निघतो. एकदम जोर लावलास की बोल्ट मान टाकतो, आणि मग ड्रिल, तुटका बोल्ट काढायचा एक्स्ट्रॅक्टर आणि पूर्ण दिवस गेला.

मोजायच्या साधनांत पहिलं टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना. एकाने भागत नाही. अर्ध्या इंचीचा साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरचा असतो, त्यावर लहान बोल्टचं माप लागत नाही. ३/८ चा दुसरा घे, १० ते ५० चा. मारुतीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. प्लग आधी हाताने फिरव, मग २५ च्या आसपास आवळ, नाहीतर आटे निघून येतील. जुनी पुस्तकं पौंड-फूट सांगतात, त्याला १.३५६ ने गुण. किलोग्रॅम-मीटर असेल तर ९.८ ने. काम झालं की रेंचची स्प्रिंग सगळ्यात कमी मापावर आणून ठेव, आणि त्याने बोल्ट सैल कधीच करू नकोस.

फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मिलीमीटर आणि इंच दोन्ही छापलेलं घे. नानांच्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलीमीटर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. व्हॉल्व्हची फट लावताना नऊची बेरीज लक्षात ठेव: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लाव, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा. फट बरोबर लावूनही टिकटिक येत राहिली तर रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचं) टोक बघ. तिथे व्हॉल्व्हच्या दांड्याने बशीसारखा खळगा केलेला असतो. गेजची सपाट पट्टी खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि खरी फट जास्त राहते. रॉकर बदलल्याशिवाय तो आवाज जात नाही.

मल्टीमीटर साधा चालेल. भरलेली, थांबलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. स्टार्टर फिरवताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लाव. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी सडली आहे. लोक अशा वेळी स्टार्टर बदलतात. सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेजही घे. सगळे प्लग काढून, इग्निशनची वायर काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजायचं. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत मोज. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

बाकी बाकासाठी बाभळीची दोन इंची फळी, उंची तुझ्या कोपराच्या थोडी खाली. पाच इंची व्हाइस भिंतीला लागून नको, लांब पाइप धरता आला पाहिजे.

गोठ्यात वेगळी लाइन, ३० मिलीअँपचं आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं स्विच) आणि पक्कं अर्थिंग करून घे. आपल्याकडे संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी लागल्या की व्होल्टेज पडतं. अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू करशील तर त्याची मोटर जास्त करंट ओढून जळते. आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज सोड.

पेट्रोलचा विषय फार महत्त्वाचा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचं डायफ्रॅम (रबरी पडदा) त्याने फुगतं, मऊ पडतं. गाडी सुरू करण्याआधी सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसव, क्लिपांसकट. ब्रेकचे ड्रम उघडलेस की धूळ हवेने उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टस असतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाक. थिनर आणि पेट्रोलचे कॅन पत्र्याखाली ठेवू नकोस, मे महिन्यात तिथे हात लावता येत नाही. सहा किलोचं एबीसी (कोरड्या पावडरचं) अग्निशामक दाराजवळ टांग, आतल्या कोपऱ्यात नाही.

मी यायच्या आधी एक काम करून ठेव. अ‍ॅम्बेसेडरच्या दिसणाऱ्या प्रत्येक नटावर व्हर्नियर (बारीक मोजायची सरकती पट्टी) लाव, जागा आणि माप वहीत लिही, आणि पानांचे फोटो पाठव. कुठला नट १२.७ आणि कुठला १३ हे कळलं की तेवढ्याच गोट्या घेईन. सामानात २३ किलोच नेता येतं, त्यात हेड गॅस्केटही बसवायचंय. आपल्या इंजिनाच्या घराण्यातलं इंजिन इथल्या एमजीए गाडीत होतं, त्यामुळे काही भाग इथे अजून नवे मिळतात. स्प्रेचे डबे विमानात चालत नाहीत, ते तिथेच घे.

नानांना सा. नमस्कार, मायले नमस्कार सांग.

तुझा,
दादा