जमा, महसूल आणि तूट

अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ‘जमा’ आणि ‘महसूल’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने छापले जातात. दोन्ही अरबीतून आले, पण जमा म्हणजे गोळा झालेले, मग ते कुठूनही येवो. महसूल हा ‘हासील’चा सख्खा भाऊ, म्हणजे पदरात पडलेले. (‘वसूल’ कानाला तसाच लागतो, पण त्याचा धातू निराळा: पोहोचणे.) म्हणून सरकारने काढलेले कर्ज हिशेबात जमेला धरतात, भांडवली जमा म्हणून. महसुलात ते कधीच येत नाही. कर, शुल्क, लाभांश, मिळालेले व्याज, अनुदाने ही महसुली.

खरा घोळ होतो तो तुटीत. समजा एकूण खर्च 100 रुपये, त्यातला महसुली खर्च, म्हणजे पगार, व्याज असा नित्याचा खर्च, 85. महसुली जमा 75, शिवाय सरकारने इतरांना दिलेल्या कर्जाची परतफेड आणि निर्गुंतवणूक (सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकणे) मिळून 5. महसुली तूट झाली 10. राजकोषीय तूट, म्हणजे एकूण खर्चातून कर्ज सोडून बाकीची जमा वजा केलेली, मात्र 100 वजा 80, म्हणजे 20, आणि तेवढेच कर्ज काढावे लागणार. 85 मधले 12 रुपये व्याजाचे असतील, तर प्राथमिक तूट, म्हणजे राजकोषीय तुटीतून व्याज वगळलेली, 8. नुसते ‘तूट 10 रुपये’ छापले की वाचकाला कर्जाचा आकडा निम्माच दिसतो! त्यात काही बातम्या तुटीलाच ‘कर्जाचा डोंगर’ म्हणतात. तूट एका वर्षाची असते, डोंगर साठत आलेल्या कर्जाचा. मथळ्यात तुटीआधीचे विशेषण गाळू नये, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे