आधी पंचनामा, मग डिस्कला हात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील पतसंस्था, डाळ मिल, रुग्णालये आणि महाविद्यालये यांचे सर्व्हर व स्टोरेज सांभाळण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करीत आहे. एप्रिल लागून पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागला की डिस्क बंद पडल्याचे फोन वाढतात, हे आता अंगवळणी पडले आहे. मात्र बहुतेक ठिकाणी मूळ बिघाडापेक्षा त्यानंतरच्या घाईने झालेले नुकसान मोठे असते, हे काही केल्या अंगवळणी पडत नाही. ती घाई टाळण्याचा उपाय, म्हणजे डिस्कला हात लावण्यापूर्वी यंत्राची स्थिती व रचना कमांडने (टाइप केलेल्या आज्ञेने) फाइलमध्ये उतरवून घेणे, बिनखर्चाचा आहे आणि बहुतेक यंत्रांत तो खरेदीच्या दिवसापासूनच उपलब्ध असतो, म्हणून आपल्या दैनिकाद्वारे तो वाचकांसमोर, विशेषतः संस्थाचालकांसमोर मांडू इच्छितो.

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत रोखपालाच्या पिंजऱ्यामागच्या लहानशा खोलीत आठ डिस्कची स्टोरेज पेटी आहे. दुपारी फीडर बंद पडला, सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राहिले, पण एसी इन्व्हर्टरवर नव्हता. तासाभरात एका डिस्कने मान टाकली आणि 'स्लॉट ३ मधील डिस्क निकामी' असा ई-मेल पेटीने व्यवस्थापकांना पाठवला. इथवर काहीच बिघडले नव्हते, कारण रेड ५ या, अनेक डिस्कचा एक गट करून माहिती त्यांवर वाटून ठेवणाऱ्या, रचनेत एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. व्यवस्थापकांनी आधी सगळे बंद करून पुन्हा चालू केले. यंत्र उठत असताना सर्वच दिवे एकदम लुकलुकत होते, म्हणून त्यांनी ई-मेलमधील आकड्यावर भरवसा ठेवला आणि डावीकडून तिसरी डिस्क ओढून तिच्या जागी नवी बसवली. त्या पेटीत स्लॉट शून्यापासून मोजले जातात, त्यामुळे स्लॉट ३ म्हणजे डावीकडून चौथी डिस्क होती. धडधाकट डिस्क बाहेर आली, निकामी आतच राहिली आणि संपूर्ण गट बंद पडला.

मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा तिथले शिपाई आप्पा दारातच भेटले आणि त्यांनी विचारले, "भाऊ, मशीन काय सांगस?" प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचे पूर्ण उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. कंट्रोलर, म्हणजे पेटीतील डिस्क चालवणारा भाग, आपल्या अंतर्गत हालचालींची जी तपशीलवार नोंद ठेवतो ती बहुधा त्याच्या स्वतःच्या रॅममध्ये असते, आणि तिला बॅटरीचा आधार दिलेला नसेल तर वीज बंद करताच ती पुसली जाते. बंद-चालू करण्याच्या त्या एका कृतीत दुपारचा सगळा पुरावा गेला होता. कंपनीच्या मदत केंद्राने तीन गोष्टी मागितल्या: डायग्नॉस्टिक (बिघाड शोधण्यास लागणाऱ्या) माहितीचे बंडल, कॉन्फिगरेशनची (यंत्राच्या रचनेची) फाइल आणि बिघाडाच्या आधीचा लॉग (घटनांची नोंद). तिन्ही नव्हत्या. होता तो मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो, आणि तोही व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना इतका दबला होता की अनुक्रमांकातील आठचा आकडा कोणता आणि बी हे अक्षर कोणते, हे पलीकडच्या अभियंत्याला ओळखता येईना. सुदैवाने ओढलेली डिस्क कोणी पुसलेली नव्हती. ती मूळ जागी बसवून, तिच्यावरील रचनेची नोंद कंट्रोलरकडून पुन्हा मान्य करून घेतल्यावर गट उभा राहिला. तोवर तीन दिवस खातेदारांच्या पासबुकात हाताने नोंदी होत होत्या.

रावेर-यावलकडे वादळात केळीची बाग आडवी झाली, तर पंचनामा होईपर्यंत शेतकरी एक खोडही हलवत नाही. पडलेले उचलून टाकले की नुकसान सिद्ध करणे कठीण जाते, हे त्याला पक्के ठाऊक असते. शेतीत जी शिस्त आपण काटेकोर पाळतो ती संगणकाच्या खोलीत मात्र विसरतो. स्टोरेजमधून कमांडने उतरवून घेतलेली डायग्नॉस्टिक माहिती हा त्या यंत्राचा पंचनामा आहे आणि कॉन्फिगरेशनची फाइल हा त्याचा सातबारा आहे. पंचनामा घटनेच्या वेळी, काहीही हलवण्यापूर्वी करायचा असतो. सातबारा मात्र आधीपासून घरात असावा लागतो.

या कमांड गूढ नाहीत. नेटअ‍ॅपच्या ई-मालिकेतील आणि आयबीएमच्या जुन्या डीएस ४००० व ५००० मालिकांतील पेट्यांसाठी 'एसएमसीएलआय' नावाचे साधन आहे. त्यात 'सेव्ह स्टोरेजअ‍ॅरे सपोर्टडेटा' अशी आज्ञा देऊन फाइलचे नाव दिले की दोन्ही कंट्रोलरांची स्थिती, घटनांची नोंद, डिस्कनिहाय त्रुटींचे आकडे असे सगळे एका दाबलेल्या फाइलमध्ये गोळा होते. तिचीच बहीण असलेली 'सेव्ह स्टोरेजअ‍ॅरे कॉन्फिगरेशन' ही आज्ञा साध्या मजकुराची फाइल देते, जी वाचून तशीच रचना दुसऱ्या रिकाम्या पेटीवर उभी करता येते. ही फाइल भरलेल्या, चालू पेटीवर चालवण्यासाठी नसते, हे मी प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगतो.

आयबीएमच्याच स्टोरवाइज व फ्लॅशसिस्टम या पेट्यांमध्ये 'एसव्हीसीकॉन्फिग बॅकअप' आणि 'एसव्हीसी स्नॅप' या दोन कमांड हीच दोन कामे करतात. तेथे एक फसगत हमखास होते. ही पेटी रोज रात्री १ वाजता आपल्या रचनेची प्रत आपणहून काढते, म्हणून चालक निर्धास्त असतात. पण ती प्रत पेटीच्याच आत राहते. 'स्नॅप'ची फाइलसुद्धा आतच तयार होते आणि एससीपी या फाइल नेण्या-आणण्याच्या कमांडने ती बाहेर आणावी लागते. कमांड यशस्वी झाल्याचा संदेश पाहून लोक उठतात, आणि आजारी यंत्राचा कागद त्याच आजारी यंत्राच्या पोटात राहतो. घराची चावी घरात ठेवून कुलूप लावण्यासारखेच आहे हे.

लहान संस्थांकडे महागड्या पेट्या नसतात. साधा लिनक्स सर्व्हर आणि त्यात चार-सहा डिस्क असतात. तिथे तर ही माहिती अधिकच मोलाची, कारण पाठीशी मदत केंद्र नसते. 'स्मार्टसीटीएल' ही कमांड प्रत्येक डिस्कची प्रकृती सांगते, 'एमडीएडीएम'चा 'डिटेल' हा पर्याय गटाची रचना दाखवतो, 'व्हीजीसीएफजीबॅकअप' एलव्हीएमची (लिनक्समधील डिस्कच्या जागेच्या विभागणीची) मांडणी मजकुरात लिहून देते आणि 'एसओएस रिपोर्ट' बहुतेक सर्व एकत्र बांधते. यांतील 'एमडीएडीएम'च्या 'एक्झामिन' या पर्यायाकडे तंत्रज्ञांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. प्रत्येक डिस्कवर ती गटात कितवी आहे आणि तिने किती घटना पाहिल्या याची नोंद असते. ज्या डिस्कचा हा आकडा मागे राहिला ती आधी बाहेर पडली, हे त्यावरून कळते. ही नोंद उतरवून न घेता, गट दिसत नाही म्हणून तो नव्याने 'क्रिएट' करणाऱ्यांनी डिस्कचा क्रम चुकवून आपल्या हातांनी संस्थेची माहिती मातीत घातल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

हे सारे वेबवरच्या पानावरूनही करता येते, मग कमांड कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. यंत्र अडचणीत आले की वेबचे पान अनेकदा आधी बंद पडते आणि एसएसएच (दुरून कमांड देण्याची सोय) किंवा सीरियल केबलवरचा, कमांड टाइप करण्याचा काळा पडदा शेवटपर्यंत साथ देतो. शिवाय कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या सोयीत) बसवता येते, तिच्या फाइलला तारखेचे नाव देता येते आणि तिने दिलेला मजकूर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही मिनिटभरात पाठवता येतो. नंदुरबारच्या डोंगरी भागातील एखाद्या आश्रमशाळेच्या संगणक खोलीतून काम करताना या शेवटच्या मुद्द्याचे मोल कळते.

खान्देशच्या उन्हाळ्यामुळे आणखी एक गोष्ट आवश्यक ठरते. साटा प्रकारच्या डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवतात त्यांत क्रमांक ५ खाली बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरील लहान कप्प्यांची), १९७ खाली संशयित सेक्टरांची संख्या आणि १९४ खाली तापमान असते. एकदा वाचलेल्या आकड्यावरून फारसे कळत नाही. मार्चच्या पहिल्या तारखेची फाइल आणि मेच्या पहिल्या तारखेची फाइल शेजारी ठेवल्या, आणि ५ व १९७ खालचे आकडे वाढलेले दिसले, तर ती डिस्क दगा देण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते व शांतपणे सुट्टीच्या दिवशी बदलता येते. म्हणून बिघाडाची वाट न पाहता दर महिन्याला ही माहिती उतरवून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

यंत्राचे घड्याळ बरोबर नसेल तर हा सगळा पंचनामा लंगडा पडतो. वीज कोणत्या क्षणी गेली आणि डिस्क कोणत्या क्षणी गेली, हे जुळवता आले नाही तर कारण सापडत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांना घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ मिळवण्याच्या पद्धतीने) जुळवण्यास आणि लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवण्यास सांगितले आहे. यंत्रातील घटनांची नोंद ठरावीक जागेत फिरत राहते व जुने पुसून नवे लिहिते. त्यामुळे ती वेळोवेळी बाहेर काढल्याशिवाय १८० दिवस टिकेलच याची खात्री नसते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. या बंडलात ठेवीदारांची खाती सहसा नसतात, परंतु आयपी पत्ते, सर्व्हरची व वापरकर्त्यांची नावे आणि अनुक्रमांक असतात. ते पासवर्ड लावूनच आणि मदत केंद्राच्या अधिकृत मार्गानेच पाठवावे, तंत्रज्ञांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कदापि टाकू नये. 'एसओएस रिपोर्ट'मध्ये 'क्लीन' हा पर्याय दिला की नावे व पत्ते झाकले जातात. दुसरे असे की, कॉन्फिगरेशनची प्रत म्हणजे डेटाचा बॅकअप नव्हे. सातबारा जपला म्हणून पीक जपले जात नाही. रोजचा डेटा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी आणि आयटीआयने मोडीत निघालेली एखादी स्टोरेज पेटी प्रयोगशाळेत ठेवून विद्यार्थ्यांकडून एवढा सराव करून घेतला, तर तालुक्यातालुक्यांत हाताशी माणूस मिळेल.

वर सांगितलेल्या पतसंस्थेत आता दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही फाइल निघतात, एक प्रत मुख्य शाखेत आणि एक तिजोरीतील पेन ड्राइव्हवर जाते. पेटीच्या दारावर आप्पांनी ठळक अक्षरांत कागद चिकटवला आहे: 'स्लॉट शून्यापासून मोजा. आधी फाइल काढा.' मार्चअखेर अनेक संस्थांचे एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) करार नव्याने होतात. त्या करारात पुढील कलम घालावे, अशी संचालक मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे: 'देखभाल करणारा तंत्रज्ञ दर महिन्याला, तसेच प्रत्येक बिघाडाच्या वेळी यंत्र बंद करण्यापूर्वी किंवा कोणताही भाग काढण्यापूर्वी, डायग्नॉस्टिक व कॉन्फिगरेशन माहिती कमांडने उतरवून तिची प्रत यंत्राबाहेर संस्थेच्या ताब्यात देईल आणि त्याची पोच घेईल.'

आपला विश्वासू,
एक सर्व्हर देखभाल तंत्रज्ञ,
भुसावळ, जि. जळगाव