चंद्रपूरच्या कोळशाचा हिशेब पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ज्या देशांच्या जमिनीत तेल, हिरे, खनिजं आहेत तेच देश मागे का पडतात, यावर तुम्ही रविवारी लेख छापलात तो मी दोनदा वाचला, कारण माझं बालपण चंद्रपूरजवळच्या बल्लारपूरला गेलंय आणि गेली बावीस वर्षं मी परळला राहतेय. लेख चांगलाच आहे. पण सगळी उदाहरणं नायजेरिया नि व्हेनेझुएलाची, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं हे लांबचं दुखणं आहे, आपला काय संबंध, म्हणून लिहायला बसले.

संबंध आहे, आणि तो पडघ्याला येऊन भिडतो. कल्याण-भिवंडीच्या तिकडे पडघा आहे ना, तिथे चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर लांबीची हाय व्होल्टेज लाइन येते, १९९९ ला सुरू झाली, १५०० मेगावॅट वीज आणायची तिची ताकद आहे. म्हणजे कोळसा तिकडे खणायचा, तिकडेच जाळायचा, राख तिकडेच टाकायची आणि वीज इकडे पाठवायची. तीच वीज थेट माझ्या घरात येते असं मी म्हणत नाही, ती ग्रिडमध्ये जाते, पण ज्या वर्षांत अख्ख्या महाराष्ट्रात लोडशेडिंग होतं आणि मुंबई बऱ्यापैकी वाचली होती त्या वर्षांत माझी मामी चंद्रपूरजवळच्या गावात मे महिन्याच्या उकाड्यात रात्री ओला पंचा अंगावर घेऊन अंगणात बसायची आणि मी इथे पंख्याखाली पडून तिच्याशी फोनवर बोलायचे. तिच्या दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची धूळ असायची. हे मला आजही टोचतं.

आणि हे आजचं नाही. १९५० च्या दशकापासून ते ९० च्या दशकापर्यंत केंद्र सरकारचं मालभाडं समान ठेवायचं धोरण होतं, त्यामुळे जमशेदपूरचं पोलाद तिथे आणि मुंबईत जवळपास एकाच भावात मिळायचं, मग कारखानदार खाणीजवळ कारखाना कशाला काढेल, तो बंदराजवळच काढणार ना. तेव्हाच्या बिहारच्या (जमशेदपूर तेव्हा त्यातच होतं) वाट्याला खड्डे आले आणि आपल्याकडे कारखाने.

आता मुद्द्याचं. तुमच्या लेखात जेफ्री सॅक्स आणि अँड्र्यू वॉर्नर या अर्थतज्ज्ञांचा १९९५ चा अभ्यास आहे, की १९७० नंतरच्या वीस वर्षांत ज्या देशांची निर्यात खनिजं नि कच्च्या मालावर जास्त होती त्यांची वाढ कमी झाली. बरोबर आहे, पण लेख तिथेच थांबला. २००६ मध्ये मेहलम, मोएने आणि टोर्विक या नॉर्वेच्या तीन अर्थतज्ज्ञांनी त्याच आकड्यांवर पुन्हा काम केलं आणि दाखवलं की जिथे कायदा आणि कारभार धड आहे तिथे खनिजांमुळे नुकसान होत नाही. बोट्स्वाना १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी होता, पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, आणि त्यानंतर कित्येक वर्षं तो जगात सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या देशांत होता. म्हणून खनिजं असूनही मागे पडण्याला जो ‘शाप’ म्हणतात, तो शब्दच मला पटत नाही. शाप म्हटलं की कुणाला जाब विचारायची सोयच राहत नाही.

आपल्याकडचा हिशेब बघा. कोळशावर १४ टक्के रॉयल्टी आहे, म्हणजे १०० रुपयांच्या कोळशामागे १४ रुपये राज्याला. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, म्हणजे खाणीची झळ बसलेल्यांसाठी जिल्ह्याचा निधी, जुन्या लीजच्या खाणींनी रॉयल्टीच्या ३० टक्के वेगळे त्यात भरायचे, म्हणजे ४ रुपये २० पैसे, आणि नवीन लिलावातल्या खाणींनी फक्त १० टक्के, म्हणजे १ रुपया ४० पैसे. खाणीने ज्यांचं पाणी, हवा, शेती गेली त्यांच्यासाठी खास असा जिल्ह्यात राहणारा पैसा एवढाच, आणि तो पिण्याचं पाणी, दवाखाना, शाळा यांवर आधी खर्च व्हावा असं केंद्राच्या योजनेतच लिहिलंय. तो होतो का? कुठल्या गावात किती आणि कशावर? आता गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज निघतंय, तिथेही हाच प्रश्न येणार, आणि तिकडचा माणूस मुंबईच्या पेपरात तेव्हाच दिसतो जेव्हा काहीतरी भयंकर घडतं.

तर माझी विनंती आहे की चंद्रपूरच्या या पैशाचा गाववार हिशेब तुम्ही मिळवा आणि छापा. ग्रामसभेत जाऊन विचारा, नळाला पाणी येतं का ते उघडून बघा. प्रतिनिधी पाठवणार असाल तर मला कळवा, मामीच्या घरी त्यांची राहायची-जेवायची सोय मी करते, तिच्याशी बोलून ठेवलंय.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई