थेट दुसऱ्या वर्षाच्या सहा जागा आणि एम-थ्री

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदविकेचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीच्या, म्हणजे पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्याच वर्षात मिळणाऱ्या प्रवेशाच्या बातम्या येतात. त्यांत प्रवेशाच्या तारखा असतात आणि नामवंत महाविद्यालयांचे गेल्या वर्षीचे कटऑफ असतात. पालक कात्रण जपून ठेवतात आणि त्या आकड्यांवरून ऑप्शन फॉर्म (महाविद्यालयांचा पसंतीक्रम) भरतात. आकडे खोटे नसतात, पण जागा किती होत्या हे शेजारी छापलेले नसते. फसगत होते ती तिथेच.

एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) नियमाप्रमाणे मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा थेट दुसऱ्या वर्षासाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांहून जास्तीच्या, म्हणून मिळतात. शिवाय प्रथम वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यात येतात. ६० च्या तुकडीचे १० टक्के म्हणजे ६. ज्या महाविद्यालयात संगणक शाखेची प्रथम वर्षाची एकही जागा रिकामी राहत नाही, तिथे डिप्लोमावाल्यांच्या वाट्याला या सहाच. त्यातून सामाजिक आरक्षणाच्या आणि मुलींच्या जागा वजा केल्या की खुल्या गटात दोन-तीन उरतात. दोन जागांचा कटऑफ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाचे गुण, त्यापलीकडे त्याला अर्थ नाही. त्या मुलाने ऐनवेळी दुसरे महाविद्यालय वर लावले असते, तर आकडा एक-दीड टक्क्याने सहज खाली आला असता. त्याच महाविद्यालयात यंदा प्रथम वर्षाच्या ९ जागा रिकाम्या असतील तर एकूण जागा १५ होतात आणि मागचे कोष्टक रद्दीत जमा. म्हणून कटऑफच्या आधी सीट मॅट्रिक्स, म्हणजे उपलब्ध जागांचा तक्ता, पाहावे. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय या ठिकाणी संगणकासाठी नव्वदच्या वरचीच स्पर्धा असते हे खरे, पण मधल्या फळीतल्या महाविद्यालयांत दरवर्षी जी उलथापालथ दिसते ती बहुतेक या रिकाम्या जागांची असते.

या प्रवेशाला सीईटी नाही. गुणवत्ता यादी लागते ती पदविकेच्या अंतिम वर्षाच्या टक्केवारीवर. अर्ज भरताना काही मुले सहाही सत्रांची बेरीज करून टाकतात, काही जण फक्त सहाव्या सत्राचे गुण भरतात. स्वायत्त तंत्रनिकेतनांची मुले ग्रेड पॉइंट थेट दहाने गुणतात. तसे करू नये. संस्थेकडून टक्केवारीत रूपांतर केल्याचे पत्र आधीच घेऊन ठेवावे. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले असतील तर त्यांची नोंद अंतिम गुणवत्ता यादी लागण्याआधी सुविधा केंद्रात करून घ्यावी. तात्पुरती यादी लागल्यावर तक्रारीसाठी जे दोन-तीन दिवस मिळतात, ते त्यासाठीच असतात.

ऑप्शन फॉर्मबद्दल एक गैरसमज फार खोलवर रुजला आहे. ‘आपल्याला मिळणार नाही ते कॉलेज वर टाकले तर नंबर वाया जातो’ असे मुले एकमेकांना सांगतात. असे काही होत नाही. यंत्रणा गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे तुमची यादी वरून खाली वाचते आणि पहिली उपलब्ध जागा देते. वरचे पाच पर्याय हुकले म्हणून सहाव्यावरचा हक्क कमी होत नाही. धोका आहे तो उलट्या बाजूने. नको असलेले महाविद्यालय ‘सेफ’ म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकले आणि ते मिळाले, तर ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत जाता येत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. राखीव प्रवर्गाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. ज्यांना नॉन-क्रिमिलेअर लागते, त्यांनी त्यावरची ३१ मार्चची तारीख कोणत्या वर्षाची आहे हे डोळ्यांनी पाहावे. गेल्या वर्षीचे नॉन-क्रिमिलेअर घेऊन रांगेत उभे राहिलेले विद्यार्थी दर मोसमात दिसतात. अर्जाच्या पावतीवर कधी मुदत मिळते, पण ती उलटली की जागा खुल्या प्रवर्गात मोजली जाते आणि फीचे गणितही बदलते. तंत्रनिकेतनाचा शाळा सोडल्याचा दाखला नो-ड्यूजशिवाय निघत नाही. ग्रंथालय, वर्कशॉप, प्रत्येक प्रयोगशाळा, वसतिगृह अशा सह्या गोळा करता करता आठवडा जातो. निकालाची वाट न पाहता ते काम आधी उरकावे.

हे सगळे नीट पार पडले तरी खरी कसोटी प्रवेश झाल्यानंतर लागते. तिच्याबद्दल कुणी छापत नाही, म्हणून हे पत्र.

पदविकेत गणित पहिल्या दोन सत्रांत संपते. बेसिक आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स या दोन विषयांत मिळून लॉगॅरिदम, ३ × ३ चे निश्चयक, मॅट्रिक्सचा व्यस्त, आंशिक अपूर्णांक, त्रिकोणमिती, विकलन, संकलन, प्रथम कोटीची विकल समीकरणे, थोड्या संख्यात्मक पद्धती. पुढे दोन वर्षे गणिताचा तास नाही. पदवीच्या प्रथम वर्षात मुले जे शिकतात, म्हणजे आंशिक विकलन, मॅट्रिक्सची कोटी (रँक) आणि आयगेन मूल्ये, टेलर मालिका, गॅमा-बीटा फलने, दुहेरी-तिहेरी संकलन, ते थेट प्रवेश घेणाऱ्याने पाहिलेलेच नसते. आणि तिसऱ्या सत्रातली एम-थ्री, म्हणजे अभियांत्रिकी गणिताचा तिसरा पेपर, हे सगळे येते असे धरूनच सुरू होते.

नेमके काय अडते ते एका उदाहरणाने सांगतो. फळ्यावर ‘एक्स स्क्वेअर वाय’ लिहून एक्सच्या सापेक्ष आंशिक विकलन करायला सांगितले, तर उत्तर ‘टू एक्स वाय’. वाय इथे स्थिर. पदविकेतल्या चांगल्या विद्यार्थ्याला अव्यक्त फलनाचे विकलन शिकवलेले असते. त्याच्या दृष्टीने वाय हे एक्सचेच फलन. तो गुणाकाराचा नियम लावतो आणि पुढे ‘अधिक एक्स स्क्वेअर डीवाय बाय डीएक्स’ जोडतो. तो चुकला असे म्हणताही येत नाही, त्याने शिकवलेलेच केले. पण एम-थ्रीतल्या ग्रेडियंटमध्ये हे जास्तीचे पद शिरले की डायव्हर्जन्स चुकतो, कर्ल चुकतो, आणि ग्रीन-स्टोक्सपर्यंत पोचल्यावर मूळ चूक कुठे होती हे त्याला स्वतःला सापडत नाही. शिक्षक म्हणतात, ‘डिप्लोमावाल्यांचे गणित कच्चे’. एम-थ्रीतल्याच लॅप्लास रूपांतरात हीच मुले बऱ्यापैकी चालतात, कारण तिथे आंशिक अपूर्णांक लागतात आणि ते त्यांना पक्के येतात.

शाखा बदलणाऱ्यांची पंचाईत दुहेरी. कोणत्याही शाखेच्या पदविकेवरून कोणत्याही शाखेच्या पदवीला जाता येते, त्यामुळे यंत्र अभियांत्रिकीतून संगणकाकडे ओढा मोठा आहे. तिसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्स समोर येते तेव्हा प्रोग्रामिंगमधले पॉइंटर आणि रिकर्शन माहीत आहेत असे गृहीत धरलेले असते. लेथवर अचूक काम करणाऱ्या मुलाने लिंक्ड लिस्ट पहिल्यांदाच पाहायची आणि त्याच आठवड्यात ती प्रयोगवहीत उतरवायची. बीएस्सीवरून येणाऱ्यांसाठी निदान नियम स्पष्ट आहे: त्यांना प्रथम वर्षाचे इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स दुसऱ्या वर्षाच्या विषयांसोबत सोडवावे लागतात.

त्यात वेळापत्रकाची भर. नियमित मुलांचे तिसरे सत्र सुरू होते तेव्हा थेट प्रवेशाच्या फेऱ्या चालूच असतात. शेवटच्या फेरीतला विद्यार्थी वर्गात येतो तोवर दोन युनिट झालेली असतात आणि पहिली चाचणी तोंडावर. याची किंमत पुढे मोजावी लागते. चार वर्षे शिकणाऱ्याच्या सीजीपीएमध्ये (सर्व सत्रांच्या सरासरी श्रेणीत) एका सत्राचा वाटा साधारण एक अष्टमांश, थेट आलेल्याच्या सीजीपीएमध्ये एक षष्ठांश, कारण त्याची सत्रे सहाच. गुण सावरून घेणारे प्रथम वर्ष त्याच्या खात्यात नाही. एम-थ्रीची केटी राहिली तर कॅम्पस मुलाखतीच्या अर्जात ‘लाइव्ह बॅकलॉग’च्या रकान्यात ती येऊन बसते.

वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्यांसाठी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स घ्यावेत, असे एआयसीटीईने विद्यापीठांना सांगितलेले आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तो एका दुपारच्या ‘इंडक्शन’मध्ये गुंडाळला जातो. प्राचार्यांची भाषणे ऐकून आयगेन मूल्ये येत नाहीत. आमच्या हिशेबाने २० तास पुरतात: आंशिक विकलन ५, दुहेरी संकलन आणि वक्ररेखन ७, मॅट्रिक्सची कोटी व आयगेन मूल्ये ४, टेलर मालिका २, गॅमा-बीटा २. रोज दोन तास धरले तर दहा दिवस. सुरुवात आंशिक विकलनापासूनच करावी, कारण पुढचे बरेच काही त्यावर उभे आहे. उशिरा आलेल्यांची हजेरी मात्र प्रवेशाच्या तारखेपासून मोजावी. सत्राच्या पहिल्या दिवसापासून ७५ टक्के मागणे म्हणजे फेरी उशिरा लागल्याची शिक्षा विद्यार्थ्याला.

आपल्या वृत्तपत्राकडे दोन मागण्या आहेत. कटऑफच्या तक्त्यात ‘उपलब्ध जागा’ असा एक रकाना वाढवावा. सीट मॅट्रिक्स सार्वजनिक असते, आकडे तिथून मिळतात. आणि प्रवेशाची बातमी मे महिन्यात, सहाव्या सत्राची परीक्षा संपताच द्यावी, सोबत वरच्या पाच घटकांची यादी छापावी. परीक्षा आणि पहिली फेरी यांच्यामध्ये मुलांच्या हातात काही आठवडे असतात, आणि तंत्रनिकेतनांच्या वर्गखोल्या तेव्हा रिकाम्याच असतात.

आपले,
पदविकेला गणित शिकवणारे दोन अध्यापक